मोअर तापला की बसतो, तेल दुधाळ होतं: पंप बदलण्याआधी हे बघा

गणपती गेले की रत्नागिरीपासून देवगडपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. ट्रॅक्टरमागचा हायड्रॉलिक मोअर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं गवत कापायचं यंत्र, सकाळी झकास चालतो. तासाभरात पाती मंदावतात, गवत कापलं जायच्या ऐवजी आडवं पडतं, आणि बाजूचा पंख उचलायला घेतला की अर्ध्यावर अडतो. सावलीत उभा करून निवू दिला की परत चालू. दुपारी पुन्हा तेच.

मग मेकॅनिक येतो, पंप गेला म्हणतो. आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून पंप आणला जातो, बसतो, मशीन त्या हंगामापुरतं बरं चालतं आणि पुढच्या पावसानंतर ये रे माझ्या मागल्या. देवगडच्या एका बागायतदार काकांनी तर कपाळाला हात लावून विचारलं, "गेल्याच वर्सा पंप घातलय, सील किट घातलय, मगे ह्या परत कित्याक?" पंप खरंच झिजलेला होता. पण तो झिजवणारं पाणी तेलातच राहिलं होतं, आणि ते कुठून येतं हे कुणी बघितलंच नव्हतं.

कोकणात मोअर तापून बसत असेल तर माझ्या हिशेबी पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी तेल बघायचं.

तेल कसं बघायचं

मशीन चालवून तेल गरम असतानाच टाकीतून थोडं तेल स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत काढा. प्लॅस्टिकची मळकट बाटली नको, त्यात काहीच कळत नाही. चांगलं तेल पारदर्शक दिसतं, बाटलीमागे धरलेलं छापील अक्षर वाचता येतं. बिघडलेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. इथे घाई करू नका, कारण तेलात हवा मिसळली तरी ते असंच धुरकट दिसतं. बाटली सपाट जागी ठेवा आणि थोडा वेळ हात लावू नका. हवा असेल तर बुडबुडे वर चढतात आणि तेल खालून वर निवळत येतं. पाणी असेल तर धुरकटपणा तसाच राहतो, रात्रभर ठेवल्यावर फार तर बुडाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो.

तरी शंका असेल तर लोखंडी तवा चांगला तापवा, गॅस बंद करा आणि मग तेलाचा एक थेंब टाका. पाणी असेल तर थेंब तडतडतो. हजारात एक भाग पाणी असलं तरी आवाज येतो. चष्मा घाला, तोंड लांब ठेवा आणि हा तवा परत स्वयंपाकघरात नेऊ नका, घरात भांडण होईल.

हवा निघाली तर प्रश्न वेगळा आणि बराच सोपा: सक्शनच्या, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या होजचा (नळीचा) क्लिप सैल झालेला, होज आतून सोललेला, किंवा टाकीतलं तेल कमी. अशा वेळी पंप थंड असल्यापासूनच किरकिरतो. थंड असताना गप्प आणि तापल्यावर ढिला, ही खूण हवेची नाही.

पाणी आणि उष्णता यांचा संबंध

तेलात पाणी आलं की पंपाच्या गिअरवरचा आणि बुशवरचा तेलाचा थर तुटतो. धातूला धातू घासतो, वर आतल्या बाजूने गंज धरतो, आणि गंजाची बारीक पूड तेलाबरोबर पाती फिरवणारी हायड्रॉलिक मोटर, व्हॉल्व्ह, सिलिंडर सगळीकडे फिरते. फटी वाढतात. थंड तेल घट्ट असतं तोवर त्या फटींतून फारसं निसटत नाही, म्हणून सकाळी मशीन ठीक वाटतं. तेलाच्या डब्यावर व्हीजी ४६ अशी प्रत लिहिलेली असते, त्यातला ४६ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट आहे ते सांगतो. तापमान चढत गेलं की तेच तेल कितीतरी पातळ होतं आणि पंपाच्या आतल्या आत गळायला लागतं. आतल्या आत गळणारं तेल काम करत नाही, नुसती उष्णता करतं. त्यानं तेल आणखी पातळ, आणखी गळती. एकदा हे चक्र सुरू झालं की तासाभरात मशीन बसणारच.

त्यात ड्रायव्हरला वाटतं रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल टाकीत परत सोडणारा) सैल झालाय, म्हणून तो स्क्रू आवळतो. किंवा उलट, व्हॉल्व्हखाली कचरा अडकून तो सतत थोडा उघडा राहतो. मिनिटाला २० लिटर तेल १५० बार दाबाने रिलीफवरून टाकीत परत जात असेल, तर ५ किलोवॅट उष्णता नुसती तेलात ओतली जाते. मोअरची टाकी लहान, वर ऑक्टोबरचं ऊन. ८० अंशांच्या वर तेल सतत राहिलं की रबराची सीलं कडक होतात, तेलही लवकर बाद होतं. प्रेशर गेज लावल्याशिवाय रिलीफच्या स्क्रूला पाना लावू नका. गेज काही फार महाग नसतो, होज फुटणं महाग पडतं.

पाणी येतं कुठून

इथे जरा वेळ काढा, कारण खरं काम इथेच आहे.

पहिला प्रश्न, तुमचा मोअर तेल कुणाचं वापरतो? काही मोअरना स्वतःची टाकी आणि पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा पंप असतो. काही मोअर ट्रॅक्टरच्या मागच्या कपलरमधून (होज जोडायच्या तोंडातून) ट्रॅक्टरचंच तेल घेतात. दुसरा प्रकार असेल तर मोअर खोलण्याआधी ट्रॅक्टरची डिपस्टिक काढून बघा. आपल्याकडे तोच ट्रॅक्टर जून-जुलैत भाताच्या खाचरात केज व्हील लावून चिखलणी करतो आणि सप्टेंबरात आंब्याच्या बागेत मोअर ओढतो. चिखलणीत मागचा ॲक्सल चिखलपाण्यात बुडतो, ऑइल सील जुनं असेल तर पाणी आत शिरतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. म्हणजे खाचरातलं पाणी थेट मोअरच्या मोटरपर्यंत. अशा मशीनवर मोअरची कितीही दुरुस्ती करा, उपयोग नाही. ॲक्सलचं सील बदला, ट्रॅक्टरचं तेल बदला, आणि मगच मोअर जोडा. त्यात ऑइल ब्रेक असतील तर तेही याच तेलात असतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घाला. दुकानदार "हायड्रॉलिक अडुसष्ट घाला, चालतंय" म्हणाला म्हणून घालू नका.

मोअरला स्वतःची टाकी असेल तर पाण्याच्या वाटा निराळ्या.

ब्रीदर बघा, म्हणजे टाकीच्या झाकणावरची श्वास घेणारी जाळी. दिवसभर काम करून तेल तापतं, टाकीतली हवा बाहेर जाते. रात्री निवतं, बाहेरची हवा आत ओढली जाते. आपली पावसाळी हवा म्हणजे निम्मं पाणीच, बुरशी चपलांनासुद्धा सोडत नाही. ती हवा टाकीच्या थंड पत्र्याला लागली की आतून घाम सुटतो आणि ठिबकत खाली जातो. झाकण उघडून वरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. तांबूस गंज हाताला लागला तर पाणी याच वाटेनं येतंय. सिलिका जेलचे दाणे भरलेला ब्रीदर मिळतो, तो घ्या, पण पावसाळ्यात त्याचे दाणे लवकर ओले होतात. रंग बदलला की बदलायचा. वर्षातून एकदा बदलून भागणार नाही.

दुसरी वाट प्रेशर वॉशरची. हॉटेल-रिसॉर्टांत लॉनचे मोअर रोज संध्याकाळी धुवायची पद्धत आहे. धुणारा पोरगा गवत निघावं म्हणून नळी नेमकी झाकणावर, सिलिंडरच्या तोंडावर आणि मोटरच्या शाफ्टवर धरतो. तेल बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेलं सील बाहेरून येणारा एवढा मारा झेलत नाही. ब्रश मारा, हवेनं फुंकून काढा. पाणी मारायचंच तर साध्या पाइपनं, आणि गरम मशीनवर तर मुळीच नको. गरम मशीन गार पाण्यानं एकदम निवतं आणि ब्रीदरमधून तेच पाणी आत ओढतं.

तिसरी वाट फार जणांच्या लक्षात येत नाही: तेलाचा बॅरल. मांगराबाहेर (बागेतल्या खोपटाबाहेर) उभा ठेवलेला बॅरल पावसात असेल तर वरच्या कडेच्या आत पाणी साचतं. बूच कितीही घट्ट असो, दिवसा तापून रात्री निवताना बॅरल बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढतो. म्हणजे नवं तेल म्हणून तुम्ही पाणीच भरता. बॅरल छपराखाली ठेवा. बाहेर ठेवावाच लागला तर आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत येतील असा, म्हणजे ती आतून तेलाखाली राहतात आणि हवा ओढली जात नाही.

सिलिंडरचा रॉड

हे वेगळं लिहितो, कारण समुद्राजवळच्या मशीनवर हाच खरा चोर असतो.

पंख उचलणाऱ्या सिलिंडरचा रॉड क्रोमचा असतो, चकचकीत. क्रोमच्या थराला मुळातच केसासारख्या बारीक भेगा असतात. खाऱ्या वाऱ्यात रॉड महिनोन्‌महिने बाहेर उघडा राहिला की खारट ओल त्या भेगांतून खालच्या लोखंडापर्यंत पोचते. गंज खालून फुगतो आणि क्रोमचा कण उडतो. वरून बघितलं तर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, बस्स. डोळ्यांवर विसंबू नका. रॉड फडक्यानं स्वच्छ पुसा आणि अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेनं हळू ओढत न्या. नख अडखळलं की खड्डा आहे. पूर्ण रॉड फिरवत तपासा, खड्डे बहुधा वरच्या अंगाला, जिथे पाणी थांबतं तिथे असतात.

हा एक खड्डा काय करतो? प्रत्येक वेळी रॉड आत जाताना सीलच्या ओठावरून घासत जातो. नवं सील असलं तरी थोड्याच दिवसांत त्याच्या ओठाला चीर पडते. मग बाहेर येताना तेल घेऊन येतो आणि आत जाताना दवाचं, पावसाचं पाणी घेऊन जातो. म्हणूनच "सील किट आत्ताच घातलंय तरी गळतंय" ही तक्रार येते. खड्डा उथळ असेल तर बारीक ऑइल स्टोननं त्याची धार मोडता येते, हंगाम निभावतो. खोल असेल तर रॉड नव्यानं क्रोम करून घ्यायचा किंवा बदलायचा. खराब रॉडवर नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

यावरचा उपाय फुकटचा आहे. मशीन उभं करताना रॉड आत जाईल अशा स्थितीत ठेवा. काही मोअरवर पंख दुमडले की रॉड आत जातो, काहींवर बाहेर येतो, तुमच्या मशीनवर काय होतं ते बघा. बाहेर राहणारच असेल तर उघड्या भागाला ग्रीसचा जाड हात मारा. हंगामात पहिल्यांदा चालवण्याआधी मात्र ते ग्रीस पुसून टाका, त्यावर जांभ्याची तांबडी धूळ चिकटलेली असते आणि ती सीलला पॉलिश पेपरसारखी खाते.

मोटरचा शाफ्ट सील वारंवार जात असेल तर

पात्याचा हब काढून आत बघा. आपल्या बागांत माकडांसाठी, गुरांसाठी जुन्या जाळ्यांची कुंपणं असतात. त्यांचा नायलॉनचा तुकडा गवतात पडतो, मोअर तो उचलतो, आणि दोरा हब आणि मोटर यांच्या मधे गुंडाळला जातो. फिरता फिरता तापून वितळतो आणि कडक कड्यासारखा सीलवर घासत राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. ब्लेडने कापून शेवटच्या धाग्यापर्यंत काढावा लागतो.

दोरा नसेल तर मोटरची केस ड्रेनची, म्हणजे मोटरच्या आत झिरपलेलं तेल परत नेणारी, बारीक नळी बघा. ती सरळ टाकीत मोकळी जायला हवी. कुणीतरी सोयीसाठी तीच नळी रिटर्न लाइनमध्ये जोडलेली असते, किंवा ती पिरगळलेली असते. मोटरच्या पोटात दाब साचतो आणि सील बाहेर फेकलं जातं. सील दहा वेळा बदला, नळी मोकळी केल्याशिवाय टिकणार नाही. आणि पाती असमतोल असतील, एका पात्याला कातळावरच्या दगडानं जास्त खाल्लं असेल, तर थरथरीनं सीलही जातं आणि बेअरिंगही. पाती जोडीनं घासायची, वजन सारखं ठेवायचं.

तेल बदलताना

मशीन जमिनीवर टेकवा, ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, चाकाला दगड. पंख वर ठेवून काम करायचं असेल तर खाली लोखंडी टेकू द्या, हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याखाली डोकं घालू नका. लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून उरलेला दाब सोडा. होजला बारीक भोक असल्याची शंका असेल तर हात फिरवून शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. त्या भोकातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. वर टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, पण आत मांस सडायला लागतं. असं झालं तर वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा, हळद लावून घरी बसू नका.

तेल गरम असताना काढा म्हणजे घाण त्याबरोबर निघते. नुसती टाकी रिकामी केली तर होज, सिलिंडर आणि मोटरमधलं जुनं दुधाळ तेल तसंच राहतं आणि नव्याला आठवड्यात बिघडवतं. रिटर्न होज टाकीकडून सोडवून डब्यात घ्या, सिलिंडरचे होज सोडवून रॉड हातानं आतबाहेर करून तेल काढा. टाकीचा तळ फडक्यानं पुसा. कापसाचा बोळा किंवा सुताचे धागे सुटणारं फडकं नको, ते धागे सक्शन स्ट्रेनरमध्ये जाऊन बसतात. मग नवं तेल भरून थोडा वेळ बिनभाराचं चालवायचं आणि तेही काढून टाकायचं. जीवावर येतं, मान्य. पण दुधाळपणा जास्त असेल तर या दुसऱ्या फेरीशिवाय काम होत नाही. फिल्टर दोन्ही वेळा नवा. पाण्यानं फुगलेला कागदी फिल्टर तेल अडवतो, मग बायपास (फिल्टर टाळून जायची वाट) उघडतो आणि सगळी घाण न गाळता फिरते.

कोणतं तेल? मोअरच्या पुस्तकात व्हीजी ४६ किंवा ६८ लिहिलेलं असतं, तेच. "उन्हाळा आहे, घट्ट घालू" हा हिशेब पावसाळ्यातल्या थंड सकाळी सक्शनला त्रास देतो.

काढलेलं तेल बागेतल्या पऱ्ह्यात (ओहोळात) किंवा विहिरीच्या कडेला ओतू नका. पूर्वीपासून कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी लावायची सवय आहे, पण पहिल्या पावसात ते धुपून खाली जातंच. झाकणाच्या डब्यात साठवून जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या.

पावसाळ्यात मशीन उभं असताना

टाकी वरच्या खुणेपर्यंत भरून ठेवा, आत हवा कमी म्हणजे घामही कमी. पातळी रॉड आत असताना बघा, नाहीतर नंतर तेल उतू जाईल. ताडपत्री मशीनला लपेटून बांधू नका, आतल्या आत ओल कोंडते. मांगरात वारा खेळेल असं ठेवा. मधून मधून चालू करायचं तर तेल चांगलं गरम होईपर्यंत चालवा. पाच मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण ओल उडून जाण्याइतकी उष्णता येत नाही, उलट नवी ओल आत ओढली जाते. क्विक कपलरच्या टोप्या हरवल्या असतील तर आजच आणा.

एवढं सगळं केलं, तेल स्वच्छ आहे, तरीही तापल्यावर मशीन बसतंय, तर आता पंप आणि मोटरकडे वळा. केस ड्रेनची नळी टाकीपासून सोडवून मोजमापाच्या डब्यात धरा. आधी थंड असताना, मग तापल्यावर, भारावर चालवून मिनिटाला किती तेल येतं ते मोजा. तापल्यावर ते भसाभसा वाढत असेल आणि पुस्तकातल्या मर्यादेबाहेर जात असेल तर मोटर गेली. ड्रेन ठीक असून गेजवर दाब चढत नसेल तर आधी रिलीफ खोलून साफ करा, मग पंप. आणि नवा पंप बसवाल तेव्हा सुरू करण्याआधी सक्शनच्या बाजूनं त्यात तेल ओतून शाफ्ट हातानं फिरवा. कोरडा फिरलेला पंप पहिल्या मिनिटातच आपल्या बुशला ओरखडे पाडून घेतो.